गुलमोहराची पानगळ म्हणजे आजार नव्हे

गुलमोहराविषयी एक सल्ला सध्या हातोहात पुढे पाठवला जातो आहे: झाड कुठेही लावा, रोज भरपूर पाणी आणि खत द्या, दोन-तीन वर्षांत ते फुलेल, कोरड्या दिवसांत पाने गळू लागली, तर झाड मरते आहे असे समजून पाणी वाढवा. या सल्ल्याने चांगली झाडे हकनाक जातात, म्हणून तो तपासणे मला आवश्यक वाटते.

सर्वांत घातक विधान पानगळीचे आहे. गुलमोहर मूळचा मादागास्करच्या पानझडी जंगलांतला. तिथे कित्येक महिने पाऊस नसतो, आणि पानांवाटे उडून जाणारे पाणी वाचवण्यासाठी पाने टाकून देणे हा या झाडाचा स्वभावच आहे. उलट, जिथे वर्षभर पाऊस असतो तिथे तेच झाड जवळजवळ सदाहरित राहते. शंका असेल तर डहाळीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवा, ओलसर थर दिसला, तर डहाळी जिवंत आहे. अशा निष्पर्ण झाडाच्या अळ्यात रोज पाणी साचवले, तर मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. नियमित पाण्याची गरज असते ती रोपाला, मुळे जमिनीत पक्की होईपर्यंत. तेवढ्यापुरता हा सल्ला बरोबर आहे.

खताबाबत थोडक्यात सांगायचे, तर नत्र जास्त झाले की पाला माजतो आणि फुले मागे पडतात. दोन-तीन वर्षांचे आश्वासनही फसवे आहे, कारण बियांपासून वाढवलेल्या झाडाला पहिला बहर येण्यास बहुधा पाच वर्षे, कधी दहा-बारा वर्षेही लागतात. बी तर इतके टणक असते, की त्याचे कवच एका बाजूने कानशीने घासून ते रात्रभर पाण्यात ठेवले, तरच लवकर फुगते.

‘कुठेही लावा’ हे मात्र मला निव्वळ बेजबाबदार वाटते. या झाडाला दिवसभराचे ऊन आणि निचऱ्याची जमीन हवी. कडाक्याचे हिमतुषार त्याला सोसत नाहीत. त्याचा छत्रीसारखा घेर पुष्कळदा उंचीहून अधिक पसरतो, मुळे जमिनीलगत धावून फरशी उचलतात आणि ठिसूळ फांद्या वादळात मोडतात. त्यामुळे भिंतीपासून निदान दहा मीटर मोकळी जागा नसेल, तर तिथे दुसरे झाड निवडावे.