तळणीच्या तेलाची सेवाज्येष्ठता

दिवाळीच्या चकल्या झाल्या, कढईत लिटरभर तेल उरलं आणि ते टाकून द्यावं असं तुमच्या मनात आलं? आधी चूळ भरा. आपल्याकडे तेल निवृत्त होत नाही, त्याची बदली होते. चकल्यांवरून पुऱ्यांवर, पुऱ्यांवरून भज्यांवर, आणि काळंभोर होऊन फेसाळायला लागलं की गाळून फोडणीच्या बरणीत. 'टाकायचं काय त्यात, चांगलं तेल आहे,' असं सासूबाई म्हणाल्या की वाद मिटला.

वड्याच्या गाडीवर हेच शास्त्र मोठ्या प्रमाणात चालतं. तिथली कढई कधी रिकामी होतच नाही. तेल खाली गेलं की वरून नवी पिशवी फोडायची. त्यामुळे आज तुम्ही खाता त्या वड्याला परवाच्या मिरचीभज्यांचाही आशीर्वाद असतो. चव येते ती उगाच नाही.

सरकारला मात्र हे बघवत नाही. 1 जुलै 2018 पासून नियम असा, की तळून तळून तेलातली 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तेल बिघडताना त्यात तयार होणारी संयुगं, 25 टक्क्यांवर गेली की ते तेल बाद. मोजायला यंत्र आहे. गरम तेलात दांडी बुडवली की आकडा दिसतो. एखाद्या गाडीवर झाऱ्याशेजारी ते यंत्र टांगलेलं दिसलं तर मला जरूर कळवा, मी सहकुटुंब दर्शनाला येईन. शिवाय तळणीला रोज 50 लिटरहून जास्त तेल लागत असेल तर त्याची नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल बायोडिझेलवाल्यांना द्यायचं. म्हणून तुम्ही 49 लिटरवाला गाठा. आणि ज्या तेलावर ट्रक चालतो, त्यावर तुम्ही चार जिने चढू शकत नाही म्हणजे दोष तुमच्यात आहे.

आता खारी. ती पदर सुटलेली, चहात बुडवली की अर्धी कपातच राहणारी. तिचं गुपित म्हणजे वनस्पती तूप. पातळ तेलात निकेलच्या साक्षीने हायड्रोजन सोडला की ते थिजतं, लवकर खवट होत नाही आणि स्वस्त पडतं. अर्धवट थिजवताना ट्रान्स फॅट तयार होतं. ते वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं, म्हणजे दोन्ही बाजूंनी काम करतं. इतका कामसू पदार्थ डेन्मार्कने 2003 मध्येच जखडून टाकला. आपणही स्निग्धांशातली मर्यादा 2021 मध्ये 3 टक्के आणि 2022 पासून 2 टक्के केली. घाई नको म्हणून अधली एकोणीस वर्षं आपण खारी खाल्ली. (वनस्पतीत तिळाचं तेल घालायची सक्तीही जुनीच. साजूक तुपात भेसळ झाली तर परीक्षानळीत लाल रंग यावा, एवढाच हेतू. तुपाची अब्रू आपण हृदयाच्या कितीतरी आधी जपली.)

पुड्यावर 'ट्रान्स फॅट फ्री' दिसलं की तीन पुडे उचला. शंभर ग्रॅममध्ये 0.2 ग्रॅमपेक्षा कमी असलं तरी तसं लिहिता येतं. त्या जागी बहुधा पाम तेल आलेलं असतं. त्यातली जवळजवळ निम्मी चरबी संपृक्त (सॅच्युरेटेड), म्हणजे तीही वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी, पण तो आकडा मागच्या बाजूला, मुंगीच्या अक्षरात असतो. चष्मा घरीच ठेवा.

वडा वर्तमानपत्रातच घ्या. अन्न वर्तमानपत्रात बांधायला 2018 च्या पॅकेजिंग नियमांनी बंदी आहे, पण छापील शाई पोटात जाण्याचा तोच एक मार्ग उरलाय. पेपर वाचतो कोण?

2025 मध्ये आरोग्य मंत्रालयाने कचेऱ्यांमध्ये तेल-साखरेचे फलक लावायला सुचवलं. लगेच बोंब उठली, समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा येणार! देश हादरला. मग खुलासा आला की तसं काही नाही, फलक फक्त माहितीपुरते. लोक शांत झाले आणि दुसरी प्लेट मागवली.

तुमच्या कँटीनमध्ये असा फलक आला तर विरोध करू नका. कढईच्या मागच्या भिंतीवर लावून घ्या. शिंतोड्यांनी रंग खराब होत नाही.