‘तिसरं महायुद्ध पाण्यावरून’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘तिसरं महायुद्ध पाण्यावरूनच होणार, हे आता सिद्ध झालंय’ असं म्हणणारा एक लांबलचक मेसेज तुमच्याही ग्रुपवर आला असेल. त्याचा सारांश असा: संयुक्त राष्ट्रांच्या अभ्यासात हे सिद्ध झालंय. भारताने चिनाबचा नळ बंद केला की पाकिस्तान आठवड्यात तहानेने मरेल. चीनने ब्रह्मपुत्रा अडवली की आसामचं वाळवंट होईल. इजिप्त आणि इथिओपिया युद्धाच्या तोंडावर आहेत. तेव्हा पाणी वाचवण्याच्या गप्पा सोडा, लढायला तयार राहा.

माझ्या दहावीतल्या भाच्याने हा मजकूर वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा घातला आणि त्याला बक्षीसही मिळालं. त्याला दोष देत नाही. पण परीक्षकांपैकी कुणालाही यातलं काहीच खटकलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी ते ‘सिद्ध झालंय’. असं काहीही सिद्ध झालेलं नाही. पुढच्या शतकातली युद्धं पाण्यावरून होतील, असं इस्माईल सेरागेल्डिन १९९५ मध्ये म्हणाले होते. तेव्हा ते जागतिक बँकेचे उपाध्यक्ष होते. ते भाकीत होतं, संशोधन नव्हे. संशोधन केलं ते अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या एरन वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या पन्नास वर्षांत सामायिक नद्यांवरून देशादेशांत जे जे घडलं, ते त्यांनी गोळा केलं. एकूण १,८३१ नोंदी. त्यातल्या १,२२८ सहकार्याच्या, ५०७ तणावाच्या, आणि त्या तणावातही बहुतेक वेळा नुसती शाब्दिक चकमक. प्रत्यक्ष हिंसाचार झाला असे प्रसंग ३७, त्यातले ३० एकट्या इस्रायल आणि त्याच्या शेजाऱ्यांमधले. खास पाण्यासाठी दोन राज्यांत झालेलं युद्ध शोधायला वुल्फ यांना साडेचार हजार वर्षं मागे जावं लागलं, आजच्या दक्षिण इराकमधल्या लगाश आणि उम्मा या नगरांपर्यंत.

आता चिनाबचा नळ. सगळ्यात जास्त टाळ्या याच वाक्याला पडतात आणि सगळ्यात जास्त नुकसानही हेच वाक्य करतं.

चिनाबवर आपली बगलिहार आणि सलाल ही धरणं आहेत. दोन्ही वीज बनवण्यासाठी बांधलेली. पाणी थोडं अडवायचं, टर्बाइनवरून सोडायचं, ते पुढे नदीत जातं. बगलिहारमध्ये हवा तेव्हा वापरता येईल असा साठा सव्वा टीएमसीपेक्षाही (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट) कमी आहे. पुणेकरांनी खडकवासला डोळ्यांपुढे आणावं, त्याचा उपयुक्त साठा जवळपास दोन टीएमसी आहे. सलाल तर गाळाने भरलेलं आहे. आणि सिंधू, झेलम, चिनाब या तीन नद्यांचं वर्षाचं पाणी किती? भारत-पाकिस्तानमधल्या पाणीवाटपाच्या सिंधू करारासंदर्भात नेहमी दिला जाणारा आकडा १३५ दशलक्ष एकर-फूट, म्हणजे साधारण ५,९०० टीएमसी. कोयना १०५ टीएमसीची. म्हणजे कोयनेसारखी पन्नासहून जास्त धरणं हिमालयातल्या त्या अरुंद, भूकंपप्रवण दऱ्यांमध्ये बांधायची. त्यातलं बरंचसं पाणी उन्हाळ्यात बर्फ वितळताना आणि पावसाळ्यात एकदम येतं. दरवाजे लावून बसलो तर आधी बुडतील ती आपलीच काश्मीर आणि जम्मूतली गावं.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. पाणी थोडे दिवस मागे-पुढे करता येतं. पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने २३ एप्रिल २०२५ रोजी सिंधू करार स्थगित केला. त्यानंतर मे महिन्यात या धरणांमधला गाळ धुऊन काढून ती पुन्हा भरण्यात आली, तेव्हा खाली चिनाब काही दिवस रोडावली होती. ऐन पेरणीत असं झालं तर शेतकऱ्याला फटका बसतो. पण तो बसतो सियालकोटकडच्या भातवाल्याला. ज्यांनी पहलगामला माणसं मारली, त्यांच्या घोटभर पाण्यालाही धक्का लागत नाही. कोट्यवधी माणसं तहानेने मरावीत ही इच्छा आपण मुलांच्या तोंडून भाषण म्हणून ऐकतो आणि टाळ्या वाजवतो, याचा मला मनापासून राग आहे.

इतिहासही उलटंच सांगतो. १ एप्रिल १९४८ ला पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचं पाणी खरोखर तोडलं होतं. त्यावरून युद्ध झालं नाही. ४ मे रोजी दिल्लीत समझोता झाला. मग १९ सप्टेंबर १९६० ला कराचीत नेहरू आणि अयुब खान यांनी सिंधू करारावर सही केली. १९६५, १९७१ आणि कारगिल, तिन्हींतून तो टिकला. करार स्थगित असतानाही ऑगस्ट २०२५ मध्ये तावी नदीला पूर आला, तेव्हा भारताने उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला इशारा कळवला. माणुसकी म्हणून कळवला आणि योग्यच केलं.

ब्रह्मपुत्रेच्या दाव्यात थोडं तथ्य आहे. चीन तिबेटमध्ये मेडोगजवळ ६०,००० मेगावॉटचा प्रकल्प बांधतोय, काम जुलै २०२५ मध्ये सुरू झालं. पण आसामचं वाळवंट? ब्रह्मपुत्रेचं बहुतेक पाणी भारतात शिरल्यावर येतं, अरुणाचल, आसाम, मेघालयातल्या पावसाचं. चीनकडून येणारा वाटा ३० ते ३५ टक्के असल्याचं खुद्द आसामच्या मुख्यमंत्र्यांनी सांगितलं आहे. खरी भीती कोरडं पडण्याची नाही. वरून अचानक सोडलेलं पाणी, अडलेला गाळ आणि पुराची वेळेवर न मिळणारी माहिती, ही ती भीती. डोकलामला भारत आणि चीनचं सैन्य समोरासमोर उभं ठाकलं त्या वर्षी, २०१७ मध्ये, चीनने ती माहिती आपल्याला दिली नव्हती. माहिती देण्याचा करारही २०२३ मध्ये संपला. त्यावर मेसेजमध्ये एक शब्द नाही. शिवाय वरच्या देशाने खालच्याचं पाणी तोडणं एका ओळीत शौर्य आणि पुढच्याच ओळीत राक्षसीपणा, हे कसं? सतलज आणि सिंधू दोन्ही तिबेटमधूनच येतात.

नाईलबद्दल थोडक्यात. १९७९ मध्ये इजिप्तचे तेव्हाचे अध्यक्ष सादात पाण्यासाठी युद्धाची भाषा बोलले होते, हे खरं. पण ज्यावरून हा वाद आहे, ते इथिओपियाचं नाईलवरचं मोठं धरण पूर्ण झालं, भरलं, सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटनही झालं. कैरोतून निषेध झाले, धमक्या आल्या, सुरक्षा परिषदेकडे तक्रारी गेल्या. युद्ध झालं नाही. इस्रायलने मात्र १९६० च्या दशकात जॉर्डन नदीचं पाणी वळवण्याच्या सीरियाच्या कामावर खरोखर तोफा डागल्या. पुढे १९९४ च्या इस्रायल–जॉर्डन शांतता करारात पाणीवाटपाचं स्वतंत्र परिशिष्ट आलं, तेही तितकंच खरं.

राहिलं ते ‘लढायला तयार राहा’. पाण्यावरून माणसं मरतात, पण बहुतेकदा सीमेवर नाही. ९ ऑगस्ट २०११ ला मावळात, पवनेचं पाणी बंद पाइपलाइनने पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध शेतकरी द्रुतगती मार्गावर उतरले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघे गेले. कर्नाटक-तमिळनाडूच्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या कावेरी लवादाच्या अंतरिम निवाड्यानंतर १९९१ मध्ये कर्नाटकात तमिळ वस्त्यांवर हल्ले झाले. २०१६ मध्ये लातुरात पाणी भरायच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली, मग मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत किती सोडायचं, हा वाद पाऊस कमी पडला की उभा राहतो. समन्यायी वाटपाची तरतूद २००५ च्या कायद्यात आहे. तरीही २०२३ मध्ये साडेआठ टीएमसीच्या आदेशावरून भांडण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि तोवर मराठवाड्याचा रब्बीचा हंगाम पुढे सरकत होता.