संशोधनाची विश्वासार्हता ठरवण्याची सोपी रीत

सर्वांना आरोग्यसेवा दिल्याने लोकांचे खरोखर भले होते का, या विषयावरचे एखादे संशोधन आपल्यासमोर आले, तर ते विश्वासार्ह आहे की नाही हे ठरवण्यासाठी ते वाचत बसण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. वाचल्याने मत डळमळण्याची शक्यता असते, आणि मत तर आपण केव्हाच पक्के करून ठेवलेले असते. म्हणून थेट निष्कर्षाचे वाक्य गाठावे. ते आपल्या मताशी जुळत असेल तर संशोधन नामांकित विद्यापीठातले असते. जुळत नसेल तर नमुना लहान होता का, कालावधी अपुरा होता का आणि पैसा कोणी पुरवला, याची कसून चौकशी होणे अगत्याचे असते. हे तिन्ही आक्षेप एरवी उत्तमच आहेत. ते एकाच दिशेला रोखून धरायचे, एवढे पथ्य सांभाळले की झाले.

सरावासाठी अमेरिकेतील ओरेगॉन राज्य घ्यावे. गरिबांसाठीच्या मेडिकेड या सरकारी विम्यात मोजक्याच लोकांना सामावून घेण्याइतका पैसा २००८ साली या राज्याकडे होता आणि नावे आली सुमारे ९० हजार, म्हणून सरकारने चक्क सोडत काढली. संशोधकांना हे घबाडच मिळाले, कारण एरवी विमा असलेला आणि नसलेला माणूस यांच्यात उत्पन्न, शिक्षण, नोकरी असे अनेक फरक असतात आणि त्यांतल्या कशाने प्रकृती सुधारली हे सांगणे कठीण जाते. इथे फरक होता तो केवळ नशिबाचा. कॅथरीन बेकर, एमी फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी साधारण दोन वर्षांनंतरची स्थिती तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. विमा मिळालेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण शंभरांत तिसाच्या आसपास होते ते एकविसाच्या आसपास आले, उपचारांच्या खर्चाने कंबरडे मोडण्याचे प्रकार जवळजवळ संपले, मधुमेहाचे निदान आणि औषधे वाढली. मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातील साखरेचे नियंत्रण यांत संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक दिसला नाही.

आपण सरकारी विम्याचे विरोधक असाल, तर शेवटचे अर्धे वाक्य कापून जपून ठेवावे आणि तिथेच थांबावे. पुढे वाचल्यास असे कळण्याचा धोका आहे की, सोडत लागलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के लोकच प्रत्यक्षात विम्यात दाखल झाले, त्यांत मधुमेही आणखी थोडे, आणि त्यामुळे साखरेबाबतच्या अंदाजाचा पल्ला इतका रुंद राहिला की त्यात भरघोस सुधारणाही बसत होती आणि किंचित बिघाडही. फरक सिद्ध न होणे आणि फरक नसल्याचे सिद्ध होणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, परंतु सभेत बोलताना त्या एकच मानण्याचा प्रघात आहे. आपण समर्थक असाल तर हाच खुलासा तोंडपाठ करावा. मात्र ज्या निबंधात २०१४ साली त्याच सोडतीवरून त्याच चमूने दाखवून दिले की, विमा मिळालेले लोक रुग्णालयांच्या तातडीच्या विभागात सुमारे ४० टक्के अधिक वेळा जाऊ लागले, तो निबंध हाती आला की सोडतीची पद्धत एकाएकी शंकास्पद वाटू लागली पाहिजे. विमा दिला की ही गर्दी ओसरेल, असे आपणच वर्षानुवर्षे सांगत आलो होतो.

पैसा कोणी पुरवला, हा प्रश्न विचारण्यात तर फारच समाधान आहे. मात्र त्यातही जपून असावे. चार्ल्स ब्लाहूस यांनी २०१८ मध्ये मर्केटस सेंटरसाठी, म्हणजे सरकारी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या कोच या उद्योगपती बंधूंच्या देणग्यांवर पोसलेल्या संस्थेसाठी, डाव्या विचारांचे सिनेटर बर्नी सँडर्स यांच्या ‘सर्वांसाठी मेडिकेअर’ योजनेचा, म्हणजे वृद्धांसाठीचा सरकारी विमा सर्वांना लागू करण्याचा, हिशेब मांडला. केंद्र सरकारचा खर्च दहा वर्षांत ३२.६ लाख कोटी डॉलरने वाढेल, हा आकडा विरोधकांनी उचलला. त्याच निबंधातल्या एका तक्त्यानुसार देशाचा एकूण आरोग्यखर्च मात्र सुमारे २ लाख कोटी डॉलरने घटत होता, आणि तो सापडताच सँडर्स यांनी कोच बंधूंचे जाहीर आभार मानले. डॉक्टर आणि रुग्णालये मेडिकेअरचे कमी दर निमूटपणे स्वीकारतील या गृहीतकावर ती घट उभी आहे, हे ब्लाहूस सांगत राहिले; पण गृहीतके वाचायला कोणाला सवड असते? पुढे २०२० मध्ये येल विद्यापीठाच्या अ‍ॅलिसन गाल्वानी आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात वर्षाला ४५० अब्ज डॉलरची बचत आणि ६८ हजार प्राण वाचण्याचा अंदाज वर्तवला. त्या सँडर्स यांच्या कार्यालयाच्या बिनपगारी सल्लागार होत्या, यावर विरोधकांनी बोट ठेवले. हीच मंडळी ब्लाहूस यांच्या बाबतीत ‘पैसा कोणाचा हे पाहू नका, गणित पाहा’ असे बजावत होती, आणि समर्थकांनीही तोवर नेमकी उलट अदलाबदल करून घेतली होती.

भारतातले उदाहरण हवे असेल तर कर्नाटकाकडे वळावे, तिथे दोन्ही बाजूंची सोय आहे. गंभीर आजारांवरील मोफत उपचारांच्या वाजपेयी आरोग्यश्री योजनेचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात योजना लागू असलेल्या भागाच्या सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांची तुलना करून मृत्यूंमध्ये मोठी घट दाखवली आहे; उलट राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेवर दहा हजारांहून अधिक कुटुंबांत चिठ्ठ्या टाकून केलेल्या प्रयोगात प्रकृतीवर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. दोन्ही योजनांत कोणते आजार येत होते, कार्ड हाती पडल्यावर ते वापरता किती जणांना आले, असे प्रश्न पडू लागल्यास ताबडतोब वर्तमानपत्र मिटावे.

खरी पंचाईत होते ती अमेरिकी करखात्याच्या पत्रांपाशी. विमा नसल्याबद्दल तेव्हा कायद्याने लागणारा दंड भरलेल्या सुमारे ४५ लाख कुटुंबांना विम्याची माहिती देणारे पत्र पाठवायचे ठरले, पैसे अपुरे पडले, म्हणून कोणतीही निवड न करता सुमारे ६ लाख कुटुंबे वगळली गेली. पुढील दोन वर्षांत ४५ ते ६४ वयोगटात पत्र मिळालेल्या दर १,६४८ लोकांमागे एक मृत्यू कमी झाला. नमुना प्रचंड, निवड निव्वळ योगायोगाची, नोंदी सरकारी. अशा वेळी समर्थकांनी ‘दर १,६४८ लोकांमागे’ हे शब्द गाळून फक्त ‘मृत्यू कमी झाले’ असे म्हणावे, आणि विरोधकांनी अमेरिकेच्या गोष्टी आपल्याला काय कामाच्या, असे विचारावे. हा प्रश्न विचारताना पाचच मिनिटांपूर्वी आपण कॅनडातल्या सरकारी आरोग्यसेवेतील प्रतीक्षायाद्यांचा दाखला दिला होता, याची आठवण करून देणारा माणूस त्या बैठकीला नसेल, एवढी काळजी आधीच घ्यावी.