स्टिकरपंथीयांच्या राज्यात कार्बन घेताना

‘कार्बनची एमटीबी घ्यायचीय, कुठली घेऊ?’ हा कार्बन फायबरच्या डोंगरी सायकलीचा प्रश्न चार सायकलवाल्यांसमोर मोठ्याने विचारू नये. विचारायचाच असेल तर सोबत डबा न्यावा, कारण दुपारच्या आत सुटका नाही. पहिल्या पाच मिनिटांत दोन तट पडतात. एक म्हणतो, “कार्बन? अरे बाबा, काचेसारखं फुटतं ते. ॲल्युमिनियम घे आणि सुखाने झोप.” दुसरा फुटण्याबिटण्याच्या भानगडीत पडतच नाही. त्याला फक्त डाऊनट्यूबवर, म्हणजे फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवर, कोणाचं नाव आहे ते बघायचं असतं. पहिल्याची भीती आणि दुसऱ्याची भक्ती यांच्या कचाट्यात सापडलेल्या गिऱ्हाइकाकडे दोन-तीन लाख रुपये असतात, पण बोलायची संधी नसते. माझं मत आधीच सांगून टाकतो: कार्बन फ्रेम मोडण्याची कारणं बहुतेक वेळा पाना, दगड आणि गाडीवरचा कॅरियर यांत सापडतात. स्टिकरचा त्यात फारसा हात नसतो.

भित्र्या तटाचं आधी ऐकू, कारण त्यांच्या म्हणण्यात चार आणे तथ्य आहे. कार्बनचा एकेक धागा पाच ते सात मायक्रॉन जाडीचा असतो. लांबीच्या दिशेने ओढला तर तो पोलादाला लाजवतो. आडवं मात्र त्याला फक्त रेझिनने, म्हणजे घट्ट झालेल्या चिकट राळेने, धरून ठेवलेलं असतं. म्हणून फ्रेम बनवताना हे थर वेगवेगळ्या कोनांत, काही सरळ, काही ४५ अंशांत, काही आडवे, एकावर एक बसवतात. ज्या दिशेने ताण येणार त्या दिशेने ताकद पेरायची, एवढाच त्यातला खेळ. त्यामुळे ‘आमच्या फ्रेममध्ये टी-८०० आहे, त्यांच्यात नुसतं टी-७००’ असं कोणी छाती फुगवून सांगू लागला तर मान डोलवावी आणि विषय बदलावा. ते आकडे धाग्याचे आहेत. धागा उत्तम आणि थर वेडेवाकडे, आत सुरकुत्या आणि हवेचे फुगे, असं असलं तर टी-हजारसुद्धा उपयोगाचा नाही.

आता फुटण्याचं. आयएसओ ४२१० या सायकलींच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मानकात एमटीबीची फ्रेम यंत्राला बांधून पेडलवर १२०० न्यूटनचा जोर लावतात. म्हणजे साधारण १२२ किलोचा माणूस डाव्या-उजव्या पेडलवर आळीपाळीने उभा राहिला असं समजा, आणि तेही एक लाख वेळा. शिवाय साडेबावीस किलोचं वजन वरून टाकतात ते वेगळंच. एक लाख वेळा पेडल मारूनही न थकणारी ही फ्रेम आपण रविवारी टेकडीवर नेऊन दमवू, असं ज्याला वाटतं त्याच्या आत्मविश्वासाला माझा नमस्कार. थकव्याच्या बाबतीत तर ॲल्युमिनियमच कच्चं आहे. त्याला किती ताण ‘कायमचा चालेल’ अशी मर्यादाच नसते, छोटे छोटे झटके खात ते कधीतरी वेल्डपाशी चिरतं. नीट बनवलेलं कार्बन या परीक्षेत पुढे असतं.

भीती खरी आहे ती वेगळ्या जागी. ॲल्युमिनियम आपटलं की पोचा पडतो आणि गुन्हा उघड होतो. कार्बनला टोकदार मार बसला तर वरचा रंग साळसूदपणे तसाच राहतो आणि आतले थर सुटलेले असू शकतात. सह्याद्रीतला काळा दगड धारदार, त्यात पुढचं चाक तो उडवून नेमका डाऊनट्यूबच्या पोटावर मारतं. पावसाळ्यात चेन पुढचं दातेरी चाक (चेनरिंग) आणि चेनस्टे (मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी) यांच्यामध्ये अडकली की चेनस्टेवर कुरतडल्यासारख्या खाचा पडतात. टायर आणि फ्रेम यांच्यात बोटभरही जागा नसेल तर तिथे बसलेला चिखल, त्यातली वाळू धरून, प्रत्येक फेरीला थोडा थोडा रंग आणि मग थोडा थोडा कार्बन घासत राहतो. सहा मिलिमीटर मोकळी जागा तरी हवीच, आपल्या चिखलाला त्याहून जास्त. दुकानात २.४ इंचांचा जाड टायर बघून खूश होण्याआधी मागे वाकून ही जागा बघणारा गिऱ्हाईक मला फार आवडतो. दुकानदाराला आवडत नाही.

आणखी एक तपासणी फुकट असते, आणि तीच कोणी करत नाही: मॅन्युअलचं पहिलं पान. तिथे सायकलची श्रेणी लिहिलेली असते. तिसऱ्या श्रेणीची म्हणजे क्रॉस-कंट्रीवाली सायकल साधारण ६१ सेंटिमीटरपर्यंतच्या उडीसाठी, चौथ्या श्रेणीची १२२ सेंटिमीटरपर्यंत. एक किलोची, पिसासारखी हलकी क्रॉस-कंट्री फ्रेम घ्यायची, चार फुटांवरून उडी मारायची आणि मग ‘या कंपनीचं कार्बनच कच्चं’ म्हणून गावभर सांगायचं, हा उद्योग सर्रास चालतो. उडी किती होती, असं विचारलं की ती लगेच दीड फुटाची होते.

आता भक्तिमार्गाकडे वळू. इथे प्रत्येकाला आपल्या कंपनीचा इतिहास तोंडपाठ असतो, फक्त मालकाचं नाव सोडून. जायंट आणि मेरिडा या दोन्ही तैवानच्या कंपन्या १९७२ मध्ये सुरू झाल्या आणि दोघींनी स्वतःबरोबर इतरांच्याही सायकली बनवल्या. ‘जायंट? छे, ती सगळ्यांकडे असते’ म्हणून नाक मुरडणाऱ्या कित्येकांच्या लाडक्या नावांनी कधी ना कधी त्याच कारखान्यातून माल उचललेला आहे. स्पेशलाइज्डचा भक्त मेरिडाकडे दयेने बघतो. मेरिडाने २००१ सालीच स्पेशलाइज्डमध्ये मोठा हिस्सा घेऊन ठेवला आहे, हे त्याला सांगू नये, निदान त्याचं हेल्मेट निघेपर्यंत. सांता क्रूझवाले आणि कॅननडेलवाले तर एकमेकांच्या चहाला जात नाहीत. सांता क्रूझ २०१५ मध्ये पॉन या डच समूहाने घेतली आणि कॅननडेलचा सौदाही त्याच पॉनने २०२१ मध्ये केला. म्हणजे भांडण आता भावाभावांतलं आहे, आणि भावांना पत्ताच नाही.

सस्पेन्शनच्या, म्हणजे मागच्या चाकाचे झटके शोषणाऱ्या दांड्यांच्या रचनेच्या, नावांवरून होणारी युद्धं याहून लांबतात. एकाचं व्हीपीपी, दुसऱ्याचं डीडब्ल्यू-लिंक, तिसऱ्याचं मॅएस्ट्रो, चौथ्याचं एफएसआर. यातल्या एफएसआरच्या मुळाशी असलेल्या हॉर्स्ट लिंक या रचनेचं पेटंट स्पेशलाइज्डने १९९८ मध्ये विकत घेतलं होतं, अमेरिकेत त्याची मुदत २०१३ मध्ये संपली. तोवर ज्या कंपन्या ‘आमची पद्धत वेगळी आणि म्हणून श्रेष्ठ’ म्हणत होत्या, त्यांतल्या काहींना मुदत संपताच हॉर्स्ट लिंकमध्ये अचानक गुण दिसू लागले. भक्तांनीही एका रात्रीत मत बदललं. आजकाल दोन चांगल्या सायकलींतला फरक लिंकपेक्षा शॉकमधल्या हवेच्या दाबावर जास्त ठरतो. बसल्यावर मागचा शॉक २५ ते ३० टक्के दबला पाहिजे, रबराची कडी सरकवून तो मोजायला दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं वाचवून माणसं दोन तास लिंकवर वाद घालतात.

मग निवडताना बघायचं काय? मी तरी आधी बॉटम ब्रॅकेट बघेन, म्हणजे पेडलचा आस ज्यात फिरतो तो बेअरिंगचा सांधा. आट्यांचं, म्हणजे ७३ मिलिमीटरचं बीएसए असेल तर डोळे मिटून एक गुण जादा. दाबून बसवायचं प्रेसफिट असेल आणि फ्रेममधलं भोक नेमकं गोल व सरळ रेषेत नसेल, तर प्रत्येक चढावर कुई-कुई ऐकायला मिळते. अर्थात आवाज आला की दर वेळी बिचाऱ्या बॉटम ब्रॅकेटला फासावर चढवू नये. कार्बनची नळी पोकळ, आवाज कुठूनही निघतो आणि पायाशी येऊन वाजतो. उभं राहून पेडल मारा: आवाज थांबला तर चोर सीट किंवा सीटपोस्टमध्ये आहे. नाही थांबला तर पेडल काढून आट्यांना ग्रीस लावा, चेनरिंगचे बोल्ट तपासा, हँगर (त्याचं पुढे येईलच) खोलून पुसा. एवढं झाल्यावर मग बॉटम ब्रॅकेट. बहुतेक जण उलट्या टोकाने सुरू करतात आणि तीन हजार रुपयांनी शहाणे होतात.

दुसरं म्हणजे हँगर. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर लटकतो, तो वाकण्यासाठीच जन्माला आलेला असतो, त्याने वाकून फ्रेम वाचवायची. सुटे भाग बनवणाऱ्या स्रॅमने २०१९ मध्ये आणलेला यूडीएच, म्हणजे अनेक कंपन्यांच्या फ्रेमना चालणारा, हँगर असेल तर तो कुठल्याही बऱ्या दुकानात मिळतो. नसेल तर सायकल घेतानाच त्याच मॉडेलचे दोन जादा घेऊन ठेवावेत. एवढ्याशा तुकड्यासाठी लाखांची सायकल महिनाभर भिंतीला टेकून उभी राहते, तेव्हा ब्रँडनिष्ठेचा रंग कसा उडतो ते बघण्यासारखं असतं. फुल सस्पेन्शन असेल तर बेअरिंगचे नंबरही लिहून घ्यावेत. पुष्कळांत ६९०२ सारखी साधी मापं असतात, १५ बाय २८ बाय ७. पण बेअरिंगच्या दुकानातलं नेहमीचं ६९०२ आतल्या जाळीमुळे कमी गोळ्यांचं असतं. पिव्होट, म्हणजे सस्पेन्शनचा सांधा, पूर्ण फिरत नाही, जागच्या जागी डुलतो. तिथे गोळ्यांनी ठासून भरलेलं बेअरिंग लागतं. आणि मोटरसायकल धुवायच्या पाण्याच्या बंदुकीसमोर ही सायकल उभी करू नये. चिखल जातो हे खरं, बरोबर ग्रीसही जातं.

कार्बनचा खरा शत्रू मात्र घरातच, टूलबॉक्समध्ये असतो. त्याचं नाव लांब दांड्याची एलन की. सीट क्लॅम्पला साधारण पाच न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप), स्टेमच्या, म्हणजे हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या, पुढच्या चार बोल्टना चार ते सहा, आणि तेही फुलीच्या क्रमाने थोडं थोडं, वर-खाली सारखी फट ठेवून. आपल्याकडे ‘अजून एक पिळा मारतो, सुटायला नको’ ही परंपरा आहे. हा अजून एक पिळा म्हणजेच फ्रेमचा मृत्युलेख. बरं, फार आवळलं की ड्रॉपर, म्हणजे बटणाने वर-खाली होणारी, सीटपोस्टही अडकते, आणि मग तिचा दोष पुन्हा कंपनीवर. सीटपोस्ट घसरते म्हणून पिळण्याऐवजी कार्बन पेस्ट लावावी. त्यात बारीक कण असतात, कमी दाबातही पकड येते. ब्रेक लिव्हरचा क्लॅम्प तर मुद्दाम इतपतच आवळावा की पडल्यावर लिव्हर बारवर फिरेल. घट्ट असेल तर लिव्हर मोडेल किंवा बारला चरा पाडेल. टॉर्क रेंच चांगला घ्यायचा तर काही हजार लागतात. म्हणून पाच जणांत मिळून एक घेतात, आणि तो नेमका कोणाकडे आहे हे पाचांपैकी कोणालाच माहीत नसतं.

पावसाळ्यात, आणि कोकणात तर बाराही महिने, ॲल्युमिनियमची सीटपोस्ट कार्बनच्या फ्रेममध्ये विसरून जाऊ नये. खारट ओल मिळाली की या दोघांत विद्युत-रासायनिक भांडण लागतं, ॲल्युमिनियम गंजून फुगतं आणि पोस्ट आत घट्ट बसते. महिन्यातून एकदा काढून, पुसून, पेस्ट लावून परत बसवली की झालं. बॉटम ब्रॅकेटखालचं पाणी निघायचं छिद्र काडीने मोकळं ठेवावं. स्टँडला बांधताना टॉपट्यूब (फ्रेमची वरची नळी) जबड्यात देऊ नये, तिची भिंत मधोमध पातळ असते. सीटपोस्ट वर काढून ती पकडावी. गाडीच्या कॅरियरचा पट्टाही टॉपट्यूबवर करकचून आवळू नये, आणि मागे टांगलेली चाकं सायलेन्सरच्या तोंडासमोर नाहीत ना, ते वाकून बघावं. तिथल्या गरम हवेने कार्बनच्या रिम गेल्याची उदाहरणं आहेत, आणि त्याला वॉरंटी लागू नाही.

वॉरंटीच्या ‘आजीवन’चं आयुष्य बारीक अक्षरात मोजलेलं असतं. बहुतेक ठिकाणी ती पहिल्या मालकापुरती, बिल असेल तर, आणि बनवण्यातल्या दोषासाठी. पडलात, आपटलात, तर फार तर सवलतीत नवी फ्रेम. खरी गंमत दावा मंजूर झाल्यावर होते. जुनी फ्रेम १४२ मिलिमीटर रुंद हबची (चाकाच्या मधल्या भागाची), आता मिळते ती १४८ची, म्हणजे मागचं चाक नवं, कदाचित क्रँकही. फुकट मिळालेली फ्रेम उभी करायला पाऊण लाख लागतात, आणि भक्त तरीही सगळ्यांना अभिमानाने सांगतो, “बघ, कंपनीने एका शब्दावर बदलून दिली!”

एवढं सगळं ऐकून शहाणा माणूस सेकंडहँडकडे वळतो. तिथे प्रत्येक फ्रेम ‘एकदाही पडलेली नाही’ असते. घाई करू नये. आधी सुती फडकं सगळ्या नळ्यांवरून फिरवावं, धागा अडकला तिथे बोट ठेवावं. मग नाण्याने हलकं ठोकत जावं, बाजारात माठ वाजवून घेतो तसं. आवाज एका लयीत खणखणीत येत असेल तर ठीक. मधेच बद्द झाला तर थर सुटल्याची शंका घ्यावी. जोडाजवळ भिंत जाड असल्याने आवाज तसाही बदलतो, म्हणून डावी चेनस्टे उजवीशी ताडून बघावी. डाऊनट्यूबच्या पोटावर जाड फिल्म किंवा नवंकोरं स्टिकर असेल तर ते सोलून खाली काय दडलंय ते बघू द्या, असं सांगावं. चीर निघाली म्हणजे सगळं संपलं असं नाही. खराब भाग घासून, त्याच कोनांत नवे थर लावून, निर्वात पिशवीत दाबून दुरुस्ती होते आणि टिकते. मात्र हँडलबार आणि फोर्कच्या स्टीअररला (फ्रेममध्ये शिरणाऱ्या त्याच्या दांड्याला) ती करू नये, ते सरळ बदलावेत. घासताना ओलं घासावं, तोंडाला मास्क लावावा, ती धूळ छातीसाठी वाईट. दुरुस्तीचा खर्च किमतीतून वजा करायचं बोलणं मग निवांत करता येतं.

आणि विकणारा म्हणाला, “फिल्म राहू द्या हो, उगाच रंग खराब होईल,” तर त्याच्याकडचा चहा संपवावा, घरच्यांची चौकशी करावी आणि पैसे घेऊन परत यावं.