कापूस घरात अन् लाइन टिनाखालून

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागायच्या आधी घरची लाइन एकदा वायरमनला दाखवून घ्या, हे मी गावात दरवर्षी तोंडी सांगतो, यंदा लिहूनच टाकतो. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरात अजून कापूस भरून आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आपल्याकडे कुठं घर जळलं की दुसऱ्या दिवशी पेपरात एकच ओळ येते, शॉर्ट सर्किटमुळे आग, संसाराची राखरांगोळी. अन् आपणही म्हणतो, नशीब बाप्पा त्याचं. मला या बोलण्याचा लय राग येतो. बहुतेक वेळा ती वायर कितीतरी दिवस आधीपासून सांगत असते. पिनेच्या भोकाभोवती तपकिरी डाग पडतो, कुलर चालू असताना पिनेला हात लावला तर चटका बसतो, बोर्डातून बारीक चरचर ऐकू येते, जळक्या प्लास्टिकचा वास येऊन जातो अन् घरातली बाई म्हणते काहीतरी जळून राहिलं, तर आपण म्हणतो बाहेर कोणीतरी कचरा पेटवला असेल. परवा शेजारच्या काकाजींच्या कुलरची पिन मी स्वतः ओढून पाहिली, पितळेचा एक पाय काळा पडलेला, बाजूचं प्लास्टिक वितळून बोर्डाला चिकटलेलं, अन् त्याच बोर्डाच्या खाली गादी, गादीवर नातू झोपलेला. कुलर मस्त चालू होता, म्हणून कोणाचं लक्षच नाही.

लोक म्हणतात एमसीबी, म्हणजे मेनजवळचं ते आपोआप पडणारं स्विच, लावली आहे ना, मग काय भेव. तर ऐका, एमसीबी जास्त करंट गेला की पडते, शॉर्ट झालं की पडते, पण पिन सैल असली, स्क्रू ढिला असला, तर करंट तेवढाच जातो अन् उष्णता मात्र त्या एका जागी साचत राहते, ते एमसीबीला समजतच नाही. म्हणून स्क्रू आवळणं अन् ढिलं सॉकेट बदलणं हेच खरं काम, अन् ते शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

दुसरी गोष्ट आपल्या टिनाची. अकोला म्हणा, चंद्रपूर म्हणा, ब्रह्मपुरी म्हणा, मे महिन्यात पारा 45-46 वर जातोच, अन् त्या उन्हात टिनाचा पत्रा 60 च्या वर तापतो. आपली वायर त्याच टिनाला चिकटून छताच्या लाकडी फाट्यावरून गेलेली. साध्या पीव्हीसी वायरचं कव्हर 70 अंशापर्यंत टिकायला बनवलेलं असतं. म्हणजे करंट सोडायच्या आधीच ती अर्धीअधिक तापलेली. 30 अंशात जेवढा लोड वायर पेलते त्याच्या 70 टक्केच ती 50 अंशात पेलते, अन् 60 ला गेलं की निम्माच. अन् नेमकं तेव्हाच आपण दोन कुलर, फ्रिज, पाण्याची मोटर, सगळं एकाच लाइनवर टाकतो. करंट दुप्पट झाला की वायरमधली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. थंडीच्या दिवसात तीच वायर काही बोलत नाही, म्हणून आपल्याला वाटते चांगली आहे. लाइन टिनापासून हातभर खाली, भिंतीनं पाइपमधून घ्या. लाइट-पंख्याला दीडची (दीड चौरस मिलीमीटर जाडीची) वायर ठीक आहे, जड सामानाला अडीचची, एसी लावला असेल तर 4 ची अन् वेगळी लाइन थेट मेनपासून. आयएसआय मार्क पाहूनच घ्या, बाजारात बिनमार्काची स्वस्त वायर मिळते तिच्यात तांबं किती अन् काय कोणी सांगावं.

अन् ते फ्यूजमध्ये जाड तार गुंडाळणं बंद करा रे भाऊ, हात जोडतो. फ्यूज घडीघडी उडते म्हणजे ती आपलं काम करून राहिली, तिच्यात जाड तार टाकली की मग फ्यूजच्या जागी घरातली वायर जळते. 16 अँपची एमसीबी पडते म्हणून 32 ची बसवणंही तसंच.

आता कापूस. घरात कापूस ठेवला म्हणून शेतकऱ्याला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. 2022 मध्ये भाव क्विंटलला दहा हजाराच्या वर गेलेला सगळ्यांनी पाहिला आहे, उलंगवाडी झाली, म्हणजे वेचणी संपली, तरी माणूस आशेनं गंजी धरून बसतो, अन् गोदाम कुठं आहे गावात? पण मग त्या खोलीत लाइनच नको. बल्ब काढा, बोर्ड बंद करा, मोबाइल चार्जिंग तर बिलकुल नाही, आत जायचं तर बॅटरी घेऊन जा. वरून जोड दिलेली, टेप सुटलेली वायर अन् खाली छतापर्यंत कापूस, यापेक्षा वाईट जागा नाही. उंदीर असतातच, वायर कुरतडतातच. गोठ्यात कुटाराच्या, म्हणजे जनावरांच्या सुक्या चाऱ्याच्या, वर लोंबणाऱ्या होल्डरचंही तेच.

कुलरचं थोडक्यात सांगतो, पाणी संपलं की पंप कोरडा चालून जळतो अन् कुलरच्या बाजूला लावलेली सुकलेली ताटी लगेच पेट घेते, रात्री टाकी भरूनच झोपा. टिनाच्या कुलरला अर्थिंग पाहिजेच, अन् मेनवर 30 मिलीअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारं स्विच, लावून घ्या, पाणी भरताना करंट लागून लेकरं जातात दर उन्हाळ्यात.

अन् लागलीच आग तर आधी मेन स्विच, मग बाकी. लाइन चालू असताना पाणी मारायचं नाही, कोरडी माती, रेती टाका. कापसाची आग वरून विझलेली दिसते पण आत तासन्‌तास धुमसते, गंजी बाहेर ओढून पसरवून भिजवावी लागते. अग्निशमनची गाडी तालुक्याहून येईपर्यंत जे करायचं ते आपल्यालाच. अन् कितीक घरात तो मेन स्विचच तुरीच्या पोत्यांच्या थप्पीमागं आहे, अंधारात हात पोचत नाही. ती थप्पी आज संध्याकाळीच हलवा.