‘तीन वर्षांत बॅटरी गेली, आणि म्हणे देखभाल लागत नाही!’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी नीट सांभाळली तर सात-आठ वर्षं सहज काढते, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही भांडुपहून लिहिलंत, की ही कंपन्यांची भाषा आहे. तुमच्या मेहुण्यांची स्कूटर सव्वातीन वर्षांत बंद पडली, सर्व्हिस सेंटरने थेट नवी बॅटरी टाकायला सांगितली. उलट तुमच्या वडिलांची जुनी पेट्रोलवरची चेतक नाक्यावरच्या मेकॅनिकच्या जोरावर वीस वर्षं चालली. मुंबईच्या पावसात या गाड्या टिकणारच नाहीत, हे तुमचं शेवटचं वाक्य. तुमचा राग मला पटतो. वॉरंटी संपल्यावर काही महिन्यांत गाडीच्या किमतीचा एक तृतीयांशाहून मोठा खर्च कोणी पुढ्यात टाकला, तर माणूस चिडणारच. निष्कर्ष मात्र पटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब करू. स्कूटरमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारच्या लिथियम सेलचं (बॅटरी ज्या छोट्या घटकांची बनते त्यांचं) आयुष्य साधारण ८०० ते १,००० पूर्ण चार्ज धरतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचं दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त. पूर्ण चार्ज म्हणजे शून्यापासून शंभरपर्यंत. अर्धी बॅटरी दोनदा भरली तर तो एकच चार्ज मोजायचा. आता एका चार्जमध्ये खरोखरीचे ८० किलोमीटर जाणारी गाडी घ्या आणि ८०० चार्ज धरा. ६४,००० किलोमीटर झाले. भांडुपहून जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने अंधेरीला रोज जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे ९,००० किलोमीटर. सात वर्षं निघाली. त्यानंतरही बॅटरी एका रात्रीत मरत नाही. क्षमता ७० टक्क्यांवर आली तर ८० ऐवजी ५६ किलोमीटर मिळतील, आणि रोजची गरज तीसचीच आहे. डिलिव्हरी करणाऱ्या मुलाला दिवसाला १०० किलोमीटर मारायचे असतात, त्याच्यासाठी तीच बॅटरी संपलेली असते. एवढा फरक गरजेने पडतो.

मग मेहुण्यांची तीन वर्षांत कशी गेली? लिथियम बॅटरी वापरल्याने झिजते तशी नुसती उभी राहूनही झिजते, आणि ही दुसरी झीज शोरूममध्ये कोणी समजावून सांगत नाही. उष्णता आणि पूर्ण भरलेली बॅटरी या दोन गोष्टी एकत्र आल्या की सेलच्या आतली नको असलेली रासायनिक क्रिया वेग घेते, क्षमता कायमची कमी होते. आपल्याकडे विदर्भासारखा पारा चढत नाही हे खरं, पण मे महिन्यात रात्रीही हवा गार होत नाही. दिवसभर उघड्या कंपाउंडमध्ये प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली तापलेली गाडी, घरी आल्या आल्या गरम असतानाच चार्जिंगला, आणि सकाळपर्यंत शंभर टक्क्यांवर प्लगमध्येच. असं वर्षानुवर्षं चाललं तर आयुष्य नक्की घटतं. म्हणून मी लिहिलं होतं की गाडी थोडी निवू द्या, रोजच्या वापरापुरतं ८० टक्क्यांपर्यंत भरा, लांब जायचं असेल त्याच दिवशी पूर्ण भरा. आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला अधूनमधून पूर्ण चार्ज द्यावा लागतो, नाहीतर किती चार्ज उरलाय याचा अंदाज चुकतो आणि सेल समतोलात राहत नाहीत. तेव्हा आपल्या गाडीत कुठला प्रकार आहे हे आधी पुस्तिकेत बघा.

आणखी एक कारण मुंबईचं खास आहे, आणि मेहुण्यांना तुम्ही हे जरूर विचारा. गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना गाडी किती चार्जवर सोडली होती? ५-७ टक्क्यांवर सोडून माणसं तीन आठवडे कोकणात जातात. गाडी बंद असली तरी तिच्यातली इलेक्ट्रॉनिक्स थोडी थोडी वीज खातच असते. सेलचं व्होल्टेज ठरावीक मर्यादेखाली गेलं की बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट, सुरक्षेसाठी बॅटरी बंद करून टाकते, आणि परत आल्यावर गाडी हूं की चूं करत नाही. लोक म्हणतात, बॅटरी गेली. कधी ती खरंच गेलेली असते, कारण फार खाली गेलेले सेल पुन्हा भरणं धोक्याचं असतं. पण कधी नुसती १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते, जिच्यावर डिस्प्ले आणि लॉक चालतं. अनेक मॉडेलमध्ये ती वेगळी असते आणि तिची किंमत मोठ्या बॅटरीच्या पासंगालाही पुरत नाही. लांब जाताना ५०-६० टक्क्यांवर सोडा, प्लग काढून ठेवा.

आता पाऊस. जाहिरातीत आयपी ६७ हे धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचं मानांकन लिहिलेलं असतं. त्या चाचणीत तो भाग एक मीटर खोल, स्थिर, स्वच्छ पाण्यात ३० मिनिटं ठेवतात. पावसात हिंदमाता चौकात तुंबणारं पाणी स्थिरही नसतं आणि स्वच्छ तर नसतंच. शिवाय चाचणी नव्या भागाची होते, तीन पावसाळे काढलेल्या रबरी सीलची नाही. तेव्हा मिलन सबवे किंवा अंधेरी सबवेत पाणी भरलेलं असताना ‘वॉटरप्रूफ आहे’ म्हणून गाडी घालू नका. घालावीच लागली तर त्या रात्री चार्जिंगला लावू नका. पोर्ट कोरडा होऊ द्या आणि कनेक्टर तपासून घ्या. माझ्या मते पुरापेक्षा हळू मारणारी गोष्ट म्हणजे आपली दमट, खारी हवा. कनेक्टरच्या तांब्यावर हिरवट थर चढतो, तिथे विजेला होणारा रोध वाढतो, जागा तापते, आणि एक दिवस गाडी एरर दाखवून थांबते. जून उजाडण्याआधी कनेक्टर साफ करून घेणं हे मुंबईतल्या स्कूटरचं सगळ्यात मोलाचं सर्व्हिसिंग आहे, आणि सर्व्हिस सेंटरला ते मागून घ्यावं लागतं. प्रेशर वॉशरचा फवारा तर या गाडीवर मारूच नये.

‘देखभाल लागत नाही’ हे वाक्य माझ्या लेखात नव्हतं, पण विकणाऱ्यांच्या तोंडी असतं आणि मला त्याची मनापासून चीड आहे. इंजिन ऑइल, प्लग, कार्बोरेटर नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाकी सगळं आहे. वजन बहुधा ११० किलोच्या पुढे, आणि खाली आपले खड्डे आणि उचकटलेले पेव्हर ब्लॉक. कोनसेट (हँडलचे बेअरिंग) आणि पुढचं सस्पेन्शन झिजणार. मोटर पहिल्या क्षणापासून पूर्ण जोर लावते, त्यामुळे सिग्नलला झटका देत सुटणाऱ्याचा मागचा टायर लवकर गुळगुळीत होतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, ते दोन वर्षांनी बदलायचं. बेल्टची गाडी असेल तर बेल्ट, हब मोटर, म्हणजे चाकातच बसवलेली मोटर, असेल तर बेअरिंगचा आवाज, हेही बघावं लागतं.

तुमच्या वडिलांच्या चेतककडे येतो. ती वीस वर्षं चालली कारण कोणी ना कोणी तिच्यात सतत हात घालत होतं. प्लग घासणं, सायलेन्सरमधला कार्बन काढणं, क्लच वायर बदलणं. आणि कारण प्रत्येक पार्ट कुठल्याही दुकानात मिळायचा. इथे तुमचं म्हणणं सोळा आणे खरं आहे: इलेक्ट्रिक स्कूटरचं आयुष्य रसायनापेक्षा दुरुस्ती मिळते का, यावर जास्त ठरणार आहे. बॅटरीत डझनावारी, कधी शेकड्यांनी सेल असतात, ते गटागटाने जोडलेले असतात आणि सगळ्यात अशक्त गट अख्ख्या बॅटरीची क्षमता ठरवतो. एक गट किंवा नुसतं मॅनेजमेंट सिस्टिमचं सर्किट बिघडलं तरी ग्राहकाला ‘पूर्ण बॅटरी बदला’ हेच ऐकवलं जातं. ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा त्यात वाहन क्षेत्रही धरलं होतं. माहितीपुस्तिका आणि पार्ट कंपनीबाहेरच्या प्रशिक्षित कारागिराला मिळाले पाहिजेत, ही मागणी आपण ग्राहकांनी लावून धरली पाहिजे. तोवर मात्र बॅटरी नाक्यावर उघडायला देऊ नका. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र वेल्ड केले की आग लागण्याचा धोका खरा असतो. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्या, त्यानंतरच बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक झालं.

नवी गाडी घेणाऱ्याला मी रेंजच्या आधी वॉरंटीचा कागद वाचायला सांगतो. काही कंपन्या जादा पैसे घेऊन ८ वर्षं किंवा ८०,००० किलोमीटरपर्यंत वॉरंटी वाढवून देतात. त्यात क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बॅटरी बदलून मिळेल हा आकडा लिहिलेला हवा. एथर या स्कूटर कंपनीच्या अशा योजनेत तो ७० टक्के आहे. आकडा नसेल तर पुढे वाद घालायला हातात काही राहत नाही.

मेहुण्यांनी पैसे भरण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी रिपोर्ट मागावा: बॅटरीची उरलेली क्षमता किती, प्रत्येक गटाचं व्होल्टेज किती, आणि एरर कोड कुठला. नवी घ्यावीच लागली तर जुनी कुर्ल्याच्या भंगारात देऊ नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. जुन्या बॅटरीचे काही पैसे वळते होतात का, तेही तिथेच विचारा. रिपोर्ट हातात आला की गटांचे आकडे इथे टाका. सगळे गट सारखेच खाली असतील तर अर्थ वेगळा, एकच गट पडला असेल तर वेगळा. बघून लगेच कळवतो.