तितूरला पूर आला की कोण बोलणार?

“आता रेडिओ कोण ऐकतं? मोबाईलवर धोक्याचा भोंगा वाजतो की!” चाळीसगावच्या घरच्यांशी बोलताना दर पावसाळ्यात हे ऐकतो. इथे जपानमधल्या कोबेत राहणाऱ्या मला ते अजिबात पटत नाही.

१७ जानेवारी १९९५ च्या भूकंपात या भागात सहा हजारांहून जास्त माणसं गेली. नागाता या कारखान्यांच्या वस्तीत कोरियन आणि व्हिएतनामी कुटुंबं बरीच होती. पाणी कुठे मिळतं, कुठला दवाखाना सुरू आहे, हे जपानीत कितीही वेळा सांगितलं तरी त्यातल्या अनेकांपर्यंत पोहोचत नव्हतं. मग लोकांनी आपापल्या भाषांत छोटी रेडिओ केंद्रं उभी केली. वर्षभरात त्यातूनच ‘एफएम वायवाय’ हे सामुदायिक केंद्र निघालं. आज जपानात आपत्ती आली की नगरपालिकेला तात्पुरत्या केंद्राचा परवाना फोनवरूनही मिळतो. २०११ च्या त्सुनामीनंतर अनेक गावांनी तो घेतला.

आता आपल्याकडे या. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री डोंगरावर धो धो पाऊस झाला, कन्नड घाटात दरडी कोसळल्या आणि तितूर-डोंगरी नद्यांचं पाणी चाळीसगावात शिरलं. अशा रात्री मोबाईलचा भोंगा ‘मुसळधार पाऊस’ एवढंच सांगतो. कुठला पूल पाण्याखाली गेला, कुठल्या शाळेचं दार उघडं आहे, हे त्यात नसतं. तापीकाठच्या माणसाला हतनूर धरणाच्या ४१ दरवाजांपैकी किती उघडले ते हवं असतं. वीज गेली, टॉवर बंद पडला, की तेही कळायचं थांबतं. सेलवरच्या रेडिओला टॉवर लागत नाही. फोनमधल्या एफएमलाही लागत नाही, म्हणून तर केंद्र सरकारने २०२३ मध्ये मोबाईल बनवणाऱ्या कंपन्यांना ही सोय चालू ठेवायला सांगितलं.

नियम आड येतात, असंही म्हणतात. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत हे खरं, पण प्रशासनाने दिलेली आपत्तीची माहिती सांगायला मुभा आहे. जळगावात तर आकाशवाणीचं केंद्रच आहे. प्रश्न साधा आहे: रात्री दोन वाजता पाटबंधारे खात्याने कुणाला फोन करायचा, आणि तो उचलून माईकसमोर बसणारं माणूस कोण? त्याला अहिराणीत “पानी वाढी ऱ्हायनं, वर चला” म्हणता आलं पाहिजे. नंदुरबारच्या पाड्यांसाठी भिलीत, पावरीतही. म्हातारी आजी घरच्या बोलीतलं ऐकून लगेच उठते, छापील मराठीतल्या सूचनेचा अर्थ लावत बसत नाही.

२०२३ मध्ये आकाशवाणीचा पुण्यातला प्रादेशिक वृत्तविभाग हलवायचं ठरलं, तेव्हा लोक बोलले आणि निर्णय थांबला. खान्देशनेही तसंच बोलावं. तिन्ही जिल्ह्यांच्या आपत्ती आराखड्यात रात्रपाळीचा निवेदक, जनरेटरला डिझेल आणि धरणावरून केंद्रात थेट फोन, एवढं लिहून घ्यावं. आणि मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, एकदा रात्री उठून ते सगळं चालवून बघावं.